उंबरठ्यावरचा भाऊ

‘भाई’ या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक घरातला आणि एक गल्लीतला. घरातला भाई आपल्या ताटातली अर्धी भाकर काढून देतो. गल्लीतला भाई दुसऱ्याच्या ताटातली काढून घेतो आणि वर संरक्षणाची हमी देतो. शब्द एकच असल्यामुळे फसगत होते. आम्ही शिक्षक मंडळी मुलांना शब्दार्थ लिहून देतो, पण या शब्दाचे दोन अर्थ प्रत्यक्ष आयुष्यात वेगळे कसे ओळखायचे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. आणि मूल नेमके ज्या वयात घराबाहेर पडते, त्या वयात त्याला हीच ओळख सर्वांत जास्त लागते.

हा प्रश्न आम्हांला पुन्हा नव्याने पडला तो अमेरिकेतल्या महाविद्यालयांमधील एका जुन्या प्रथेमुळे. आपल्या समाजातली मुले आता तिकडे शिकायला जातात. कोकणातून, मुंबईतून, मराठवाड्यातून जातात. त्याशिवाय तिकडेच स्थायिक झालेल्या नातलगांची मुले बारावीनंतर पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेतात. या मुलांच्या तोंडून एक शब्द ऐकू येतो : फ्रॅटर्निटी. लॅटिन भाषेत भावाला ‘फ्रेटर’ म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. म्हणजे भाऊबंदकी, मात्र मराठीत या शब्दाला जो भांडणाचा वास आहे, तो सोडून. मुलींच्या अशाच संस्थेला सोरॉरिटी म्हणतात. ‘तिथे जाऊ का?’ असे मुलाने फोनवर विचारले, तर आईवडिलांनी काय सांगावे? नुसते ‘नको’ म्हणणे सोपे आहे. पण कारण न देता सांगितलेला ‘नको’ सात समुद्रांपलीकडे टिकत नाही.

आधी ही गोष्ट आहे तरी काय, ते पाहू. १७७६ च्या डिसेंबर महिन्यात, अमेरिका स्वतंत्र झाल्याच्या घोषणेला सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कापा’ नावाची गुप्त मंडळी स्थापन केली. वादविवाद करायचा, वाचलेले एकमेकांना सांगायचे आणि मैत्री जपायची, असा तिचा हेतू. पुढे तिने गुप्तता सोडली आणि ती हुशार विद्यार्थ्यांचा सन्मान करणारी संस्था बनली. पण ग्रीक अक्षरांचे नाव, शपथ, खूण आणि आत घेण्याचा विधी हा नमुना मागे राहिला. १८२५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात ‘कापा अल्फा सोसायटी’ निघाली आणि आजच्या अर्थाची फ्रॅटर्निटी तिथून सुरू झाली असे मानतात.

आज साधारण रीत अशी असते. सत्राच्या सुरुवातीला भरतीचे दिवस असतात. नवी मुले वेगवेगळ्या संस्थांच्या घरी जातात, जुन्या सदस्यांशी गप्पा मारतात. संस्थेला मुलगा पसंत पडला तर ती त्याला निमंत्रण देते. त्याला ‘बिड’ म्हणतात. ते स्वीकारले की काही आठवडे उमेदवारी करायची. या उमेदवाराला ‘प्लेज’ म्हणण्याची पद्धत आहे. संस्थेचा इतिहास पाठ करायचा, एका जुन्या सदस्याला ‘मोठा भाऊ’ मानायचे, समाजसेवेच्या कामात भाग घ्यायचा. शेवटी दीक्षेचा विधी होतो आणि मुलगा आयुष्यभरासाठी सदस्य होतो. वर्गणी भरावी लागते आणि ती थोडीथोडकी नसते. साप्ताहिक बैठकांना हजर राहावे लागते, परीक्षेत ठरावीक गुण टिकवावे लागतात. त्याबदल्यात राहायला घर मिळू शकते, अभ्यासाला सोबत मिळते आणि पुढे नोकरीच्या बाजारात जुन्या सदस्यांची ओळख मिळते. ही ओळख तिकडे फार मोलाची असते.

यात वाईट काय, असे कोणी विचारील. वाईट काहीच नाही. एकट्या मुलाला सोबत हवी असते, यात लाजण्यासारखेही काही नाही. उर्दू माध्यमातून दहावी झालेला मुलगा शहरातल्या इंग्रजी कॉलेजात अकरावीला पहिल्या दिवशी कसा बसतो, हे आम्ही जवळून जाणतो. शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी. त्याला प्रमेय येत असते, पण ‘प्रमेय’साठी त्याच्याकडे असलेला शब्द वर्गात कोणाला कळत नाही. अशा वेळी पाठीवर हात ठेवणारा कोणीही त्याला फरिश्ता वाटतो. परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात तर हे एकटेपण कैक पटींनी वाढत असणार.

शिवाय या संस्थांच्या इतिहासात एक उजळ पान आहे. अनेक जुन्या फ्रॅटर्निटींची दारे काळ्यांना आणि ज्यूंना बंद होती; काहींच्या घटनेत तशी कलमेच होती आणि ती दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू गेली. ज्यांना आत घेतले नाही, त्यांनी आपली घरे बांधली. १८९८ साली न्यूयॉर्कमधल्या ज्यू विद्यार्थ्यांनी जी संघटना काढली, तिची पुढे ‘झीटा बीटा टाउ’ ही फ्रॅटर्निटी झाली. १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात सात काळ्या विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ स्थापन केली. मार्टिन ल्यूथर किंग हे १९५२ साली तिचे सदस्य झाले आणि वॉशिंग्टनमध्ये २०११ साली त्यांचे जे स्मारक उभे राहिले, त्यासाठी पुढाकार याच बंधुमंडळाने घेतला होता. भारतीय उपखंडातून गेलेल्यांच्या मुलांनीही १९९४ साली ‘आयोटा नू डेल्टा’ आणि १९९८ साली ‘डेल्टा एप्सिलॉन साय’ अशा संस्था काढल्या.

मुसलमान विद्यार्थ्यांची वाट थोडी वेगळी होती. १९६३ साली इलिनॉय विद्यापीठात ‘मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशन’ सुरू झाली. जुम्याची नमाज, रमजानचा इफ्तार, ईद ही तिची मुख्य कामे. २००५ साली मुलींसाठी ‘गामा गामा काय’ ही इस्लामी सोरॉरिटी निघाली. आणि २०१३ साली टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या मुलांनी ‘अल्फा लॅम्डा म्यू’ ही मुस्लिम फ्रॅटर्निटी काढली. ही ग्रीक अक्षरे का, हे आपल्या वाचकांना सांगायला नको : अलिफ, लाम, मीम. सूरह बकरासह कुरआनच्या सहा सूरह याच अक्षरांनी सुरू होतात. त्याच वर्षी डॅलसमध्ये स्त्रियांवरील घरगुती हिंसेविरुद्ध पुरुषांचा मेळावा झाला, त्यात ही मुले फलक घेऊन उभी राहिली आणि त्यांची छायाचित्रे दूरवर गेली. दारू न घेता, पण भाईचारा ठेवून असे मंडळ चालवता येते का, हे त्यांना पाहायचे होते.

मग अडचण कुठे आहे? अडचण उंबरठ्यावर आहे.

आत येऊ पाहणाऱ्याची ‘परीक्षा’ घेण्याची एक रीत या संस्थांमध्ये रुजली. तिला तिकडे ‘हेझिंग’ म्हणतात. आपल्याकडचे रॅगिंग तिचेच सख्खे भावंड. रात्रभर जागे ठेवणे, अपमान करणे, मारणे आणि सर्वांत घातक म्हणजे थोड्या वेळात भरमसाट दारू पाजणे. सगळ्याच संस्था असे करतात असे नाही, बहुतेकांच्या नियमांत ते निषिद्धच आहे. तरी ते घडते. २०१७ च्या फेब्रुवारीत पेनसिल्वानिया राज्यातल्या एका मोठ्या विद्यापीठात १९ वर्षांचा एक विद्यार्थी निमंत्रण स्वीकारल्याच्या रात्रीच अशा दारूच्या खेळानंतर जिन्यावरून कोसळला. ज्या घरात हे घडले, ते कागदोपत्री दारूबंदीचे घर होते. ‘भावां’नी त्याला उचलून कोचावर ठेवले. मदत बोलावली ती जवळजवळ बारा तासांनी. तो वाचला नाही. त्या घरातल्या कॅमेऱ्यांनी सगळे टिपले होते, म्हणून एक गोष्ट जगाला कळली : एका तरुण सदस्याने ‘याला दवाखान्यात न्या’ असा आग्रह धरला होता आणि बाकीच्यांनी त्याला ढकलून गप्प केले होते.

कोणी म्हणेल, ती गोऱ्यांची दारूबाज संस्था, आपल्या माणसांची असती तर असे झाले नसते. दुर्दैवाने तसेही नाही. २०१३ च्या डिसेंबरमध्ये आशियाई वंशाच्या मुलांच्या एका फ्रॅटर्निटीत न्यूयॉर्कच्या एका महाविद्यालयातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मरण पावला. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वजनाची पिशवी आणि अंधारात चारी बाजूंनी धक्के, असा तो विधी होता. त्याचा हेतू काय, तर अमेरिकेत आशियाई लोकांनी सोसलेल्या भेदभावाची जाणीव नव्या मुलाला व्हावी! तो बेशुद्ध पडल्यावरही मदतीला उशीर झाला. २०१८ साली न्यायालयाने त्या संस्थेला पेनसिल्वानियात दहा वर्षांची बंदी घातली. स्वतःच्या समाजाचे दुःख शिकवण्यासाठी स्वतःच्याच समाजाचे लेकरू मारले गेले. यावर अधिक काय लिहावे?

असे असूनही मुले का जातात आणि सोसून पुढच्या वर्षी तेच दुसऱ्याला का सोसायला लावतात? १९५९ साली एलियट अॅरन्सन आणि जडसन मिल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. चर्चामंडळात प्रवेश देण्यापूर्वी त्यांनी काही विद्यार्थिनींना अतिशय संकोच वाटेल अशी परीक्षा द्यायला लावली. काहींना सौम्य परीक्षा दिली, काहींना काहीच नाही. नंतर सगळ्यांना मुद्दाम कंटाळवाणी ठेवलेली चर्चा ऐकवली. ज्यांनी जास्त त्रास सोसला होता, त्यांनाच ती चर्चा अधिक चांगली वाटली. माणसाचे मन असे आहे. जे महाग पडले, ते मौल्यवानच असले पाहिजे, अशी ते स्वतःची समजूत घालते. सासूचा जाच सोसलेली सून पुढे तशीच सासू का होते, याचेही उत्तर बहुधा यातच आहे.

येथे आम्हांला मदीना आठवते. इ. स. ६२२ मध्ये मक्केहून घरदार सोडून मुहाजिर आले, तेव्हा हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी एकेका मुहाजिराला एकेका अन्साराचा भाऊ केले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांचे भाऊ झाले हजरत सअद बिन रबी. सअद यांनी आपल्या मालमत्तेचा अर्धा हिस्सा पुढे केला. अब्दुर्रहमान यांनी दुआ दिली, तो हिस्सा घेतला नाही आणि फक्त बाजाराची वाट विचारली. हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्यातली एक बाब नजरेआड राहते. या भाईचाऱ्यात परीक्षा कोणाची झाली? येणाऱ्याची नाही, आधीपासून घरात असलेल्याची. किंमत यजमानाने मोजायची ठरली आणि पाहुण्याचा स्वाभिमान शाबूत राहिला. हेझिंगमध्ये हे नेमके उलटे होते. घरात बसलेला काहीच गमावत नाही. दारात उभ्या असलेल्याकडून सगळे वसूल करतो. आमच्या मते घरातला भाई आणि गल्लीतला भाई यांच्यातला फरक हाच आहे. उंबरठ्यावर किंमत कोण मोजतो, ते पाहावे.

दुसरी कसोटी त्याहून जुनी आहे. पैगंबर (स.) यांना नबुवत मिळण्यापूर्वीची, त्यांच्या तारुण्यातली गोष्ट. येमेनमधल्या जबीदचा एक व्यापारी मक्केत माल घेऊन आला. एका वजनदार मक्कावासीयाने माल घेतला आणि पैसे बुडवले. परक्याचे ऐकणार कोण? तेव्हा काही कबिल्यांचे लोक अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमले आणि त्यांनी शपथ घेतली : मक्केत ज्याच्यावर जुलूम होईल, तो आपला असो वा परका, त्याचा हक मिळेपर्यंत आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. हाच हिल्फ-उल-फुजूल. तरुण मुहम्मद (स.) त्या मंडळीत होते. पुढे इस्लामच्या काळातही अशा कराराची हाक आली तर आपण ती मानू, असे ते सांगत, अशी सीरतच्या ग्रंथांत नोंद आहे. म्हणजे तरुणांनी मंडळ काढणे, शपथ घेणे यात गैर काही नाही. प्रश्न शपथ कशाची, एवढाच आहे. हिल्फ-उल-फुजूलची शपथ बाहेरच्या माणसासाठी होती, आणि गरज पडली तर आतल्याच्या विरुद्ध होती. पेनसिल्वानियातल्या त्या घरात जी न बोललेली शपथ पाळली गेली, ती आतल्यांना वाचवण्याची होती. भाऊ जालिम असला तरी त्याला मदत करा, असे सांगणाऱ्या हदीसचा खुलासाही पैगंबरांनी स्वतःच केला आहे : त्याचा जुलमाचा हात धरणे, हीच त्याची मदत. त्या रात्री त्या घरात भावाचे काम एकाच मुलाने केले आणि त्यालाच ढकलून दिले गेले.

आपल्याकडे हे सगळे निर्मळच राहिले, असा दावा आम्ही करणार नाही. मुस्लिम जगातही तरुणांची बंधुमंडळे होती. अरबीत तरुणाला ‘फता’ म्हणतात, त्यावरून त्या परंपरेला ‘फुतुव्वत’ हे नाव पडले. बारावे शतक संपताना आणि तेरावे सुरू होताना बगदादचा खलिफा अन्-नासिर याने ती स्वतःच्या हाताखाली संघटित केली. तिच्यातही दीक्षा होती. कमरेला पट्टा बांधत आणि पेला पाजत. पण पेल्यात दारू नव्हती, मिठाचे पाणी होते. चौदाव्या शतकात इब्न बतूता अनातोलियात फिरत असताना त्याला अशाच ‘अखी’ मंडळांनी आसरा दिला. एका गावात तर दोन गटांच्या माणसांनी त्याच्या घोड्यांचे लगाम धरले, चाकू निघाले. त्याला वाटले लुटारूच आले. भांडण होते ते या परदेशी पाहुण्याचा पाहुणचार आधी कोणी करायचा यावर! अखेर चिठ्ठ्या टाकून तंटा मिटला. मात्र याच फुतुव्वतच्या नावाखाली बगदादमध्ये दांडगाई करणाऱ्या टोळ्याही होत्या आणि पुढे कैरोच्या गल्लीबोळांत ‘फुतुव्वा’ म्हणजे मोहल्ल्याचा दादा असा अर्थ रूढ झाला. ‘भाई’चे जे झाले तेच.

म्हणून अमेरिकेकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कुठे वळतात, तेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये देशभरासाठी कडक नियम केले. तरी वसतिगृहांत ‘इंट्रो’ चालू आहेच. आणि आपल्या बिरादऱ्या, जमाती? लग्नाचा हॉल मिळवून देणारी, दफनविधीला धावून येणारी जमात ही फार मोठी गोष्ट आहे. पण जमातीतल्या वजनदार माणसाने सुनेला घराबाहेर काढले किंवा यतीम पुतण्याची जमीन दाबली, तर त्या सुनेच्या, त्या पुतण्याच्या बाजूने किती हात वर होतात? ‘घरातली बात घरातच राहू दे’ हे वाक्य आपल्या मोहल्ल्यातही तितक्याच सहजपणे उच्चारले जाते.

मग फोनवर विचारणाऱ्या मुलाला काय सांगावे? आम्ही सांगू : जरूर पाहा, पण आत जाण्याआधी विचारून घे. शपथ कशाची आहे, कोणाच्या नावाने आहे? ती तुझ्या ईमानाला मानवते का? दारू नको म्हटल्यावर तुझी जागा राहते की जाते? वर्गणी किती आणि ती कशावर खर्च होते? सभासदाने चूक केली तर संस्था काय करते? अमेरिकेत २०२४ च्या डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्यानुसार हेझिंगबद्दल दोषी ठरलेल्या संस्थांची माहिती विद्यापीठांना प्रसिद्ध करावी लागते. ती वाचून मग जा. उमेदवारीची ही पद्धतच मोडणे अशक्य नाही. ज्यू विद्यार्थ्यांच्या त्या ‘झीटा बीटा टाउ’ने ती १९८९ सालीच बंद केली. संस्थेची अक्षरे ग्रीक आहेत की अलिफ-लाम-मीम, यावरून मात्र निर्णय करू नकोस. नाव आपले असले म्हणजे रीतही आपली असते असे नाही. आणि शिक्षणासाठी व्हिसावर गेला असशील, तर हेही ध्यानात ठेव की अशा प्रकरणात विद्यापीठाने नाव काढून टाकले, तर देशात राहण्याचा परवानाही धोक्यात येतो.

एवढे विचारून समाधान झाले, तर सदस्य होण्यात आम्हांला हरकत दिसत नाही. पुढच्या वर्षी तो स्वतः आतला होईल, आणि खरे अवघड काम तेव्हा सुरू होईल. दारात नवा मुलगा उभा असेल, घाबरलेला, सगळ्याला ‘हो’ म्हणायला तयार. त्याच्याकडून काही वसूल करण्याचा अधिकार तेव्हा याच्या हातात असेल. आपण सोसले, मग याने का सोसू नये, असे मनात येईल. सअद बिन रबींसारखी अर्धी मालमत्ता देणे सगळ्यांना जमत नाही. पण नव्या मुलाला बाजाराची वाट दाखवणे, ग्रंथालय कुठे आहे ते सांगणे, त्याच्या शेजारी बसून जेवणे आणि त्याच्यावर हात उचलला जात असेल तर आपल्याच भावांच्या मध्ये उभे राहणे, एवढे अठरा-वीस वर्षांच्या मुलाला जमू शकते. आमच्या शाळेतही नव्याने आलेल्या मुलाला आम्ही वर्गातल्या सर्वांत दांडग्या मुलाशेजारी बसवतो आणि त्या दांडग्याला सांगतो, ‘याला आठ दिवसांत शाळा दाखवायची, ही तुझी परीक्षा.’